गुरुलिंगच्या रानातली येळवस

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटणार नसेल तर त्यानं इथंच सोडून द्यावी, माझा आग्रह नाही. पण जिनं मला ती सांगितली तिला मी रोज बघते. त्या बाईला खोटं बोलता येत नाही.

शिवकांताकाकू. उमरग्याला आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. एका मेसला भाकरी करून देतात.

आणखी एक सांगते. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, हे मलाही माहीत आहे. ही रात्रीची नाही. अमावस्या होती खरी, पण भर दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं. आणि आख्खं गाव तिथं जेवायला बसलं होतं.

माकणीच्या धरणाचं पाणी पसरत पसरत शेवटी जिथं थांबतं, तिथलं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथं माणसं राहतात अजून. दोन वर्षांपूर्वीची येळवस.

येळवस आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. ज्याचं रान त्याची कोप. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटं करायचं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात आणि पोट गार करणारी आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारमारून बोलवायचं. वैरी असला तरी त्या दिवशी उपाशी जाऊ द्यायचा नाही.

पण त्या साली त्या गावात एकच कोप होती.

उमाशंकरची.

उमाशंकर म्हणजे काकूंचा नवरा. गाव त्याला आण्णा म्हणायचं. गावचा सरपंच तोच, कालव्याच्या पाणी संस्थेचा चेअरमनही तोच. म्हणजे दाखला पाहिजे तरी त्याच्या दारात, पाणी पाहिजे तरी त्याच्या दारात. एखाद्यानं रस्त्यात नमस्कार घातला नाही, तर त्याच्या उसाला पाणी येईपर्यंत ऊस जळून जायचा. तक्रार कुणाकडे करणार? बळी तो कान पिळी.

त्या साली उमाशंकरच्या डोक्यात जिल्हा परिषदेच्या तिकिटाचं वारं शिरलं होतं. धाराशिवहून पक्षाचे साहेब येळवशीला जेवायला येणार होते. गाव आपल्या मुठीत आहे हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून त्यानं आपल्या माणसाला, रामलिंगला, दारोदार पाठवलं.

"औंदा येळवस आण्णाच्याच कोपीवर. ज्यानं येगळी कोप घातली, त्यानं पाण्याचं आपलं आपण बघावं."

शेतकऱ्याला स्वतःच्या रानात कोप घालू द्यायची नाही! आपल्या काळ्या आईला त्या दिवशी उपाशी ठेवायची! लोकांनी दात-ओठ खाल्ले. आणि गेले. न जाऊन सांगतात कुणाला?

बरं, ही कोप तरी त्याच्या स्वतःच्या रानात होती का?

नाही. ती होती गुरुलिंगच्या रानात.

गुरुलिंग म्हणजे काकूंचा पाठचा भाऊ. त्याचं रान उमाशंकरच्या रानाला लागून, धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर. बायको महेश्वरी आणि तो, दोघं रानातच पत्र्याचं घर करून राहायचे. त्या रानात जायला गाडीवाट एकच, आणि ती उमाशंकरच्या बांधावरून. उमाशंकरला ते रान पाहिजे होतं. गुरुलिंग देत नव्हता. मग उमाशंकरनं वाटेवर लोखंडी गेट बसवलं, साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. काकूंना सांगितलं, चोऱ्या वाढल्यात.

काकूंनी विश्वास ठेवला.

"गावाला कसंबी वागूद्यात," काकू म्हणतात, "माझ्याशी कवा आवाज चढवून बोलले न्हाईत. मला वाटायचं, माझ्या माहेराला तरी ते हात लावायचे न्हाईत."

त्याच साली श्रावणात, सकाळी वैरण कापताना गुरुलिंगला साप चावला.

माकणीहून जीप आली. गेटापाशी येऊन थांबली. गेटाला कुलूप. लोकांनी साखळी ओढून ओढून हात सोलून घेतले, तुटेना. गुरुलिंग शुद्धीवर होता. किल्ली येतेय, असं महेश्वरी म्हणाली, म्हणून सगळे तिथंच थांबले. खूप वेळ थांबले. मग कुणीतरी बाज आणली आणि त्याला ओढ्यातून पलीकडे नेलं. ओढ्याला पाणी होतं. गुरुलिंगचा मोबाईल त्याच पाण्यात पडला.

उमरगा यायच्या आत तो गेला.

उमाशंकर संध्याकाळी धाराशिवहून आला तो ऊर बडवत. "मिटिंगला गेलो व्हतो गं! तू पूजेला बसलीस तवाच निघालो. किल्ली माझ्या खिशात! मला कुणी फोन तरी करायचा!"

मातीच्या दिवशी महेश्वरी सगळ्यांसमोर काकूंवर धावून आली.

"ह्यांनी फोन केला व्हता तुमाला! माझ्यासमोर केला! किल्ली पाठवतो म्हणले तुमच्या घरचे. म्हणून तर आमी थांबलो!"

काकूंनी मोबाईल काढून तिच्या हातात दिला. त्या सकाळचा एकही फोन त्यात नव्हता.

दुःखानं बाई वेड्यासारखी बोलते, असं सगळे म्हणाले. काकूही तसंच समजल्या. पण बोल लागायचा तो लागलाच. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. महेश्वरी माकणीला आईकडे जाऊन राहिली.

आणि उमाशंकरनं गुरुलिंगच्या रानात ज्वारी पेरली.

"रान पड ठिवलं तर त्याच्या जिवाला बरं वाटंल का?" तो काकूंना म्हणाला. "आन् त्याच्या मातीवर चांगला दगडी वटा बांधून घेतो. तुझा भाऊ, तसा माझाबी हाय."

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. गुरुलिंगला त्याच्याच रानात, लिंबाच्या झाडाखाली बसवला होता. काकूंनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

तर आता ती येळवस.

सकाळी काकू आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन रानाच्या वाटेला लागल्या. बाया पुढं गेल्या होत्या. काकू एकट्याच मागं राहिल्या. भाऊ गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच त्या रानात जात होत्या. पाय उचलत नव्हते.

गेट आलं. सताड उघडं होतं. साहेबांची गाडी यायची म्हणून रामलिंगनं साखळी काढून गवतात टाकली होती.

काकू गेट ओलांडून चार पावलं पुढं गेल्या...

आणि मागं साखळी वाजली.

खळ्... खळ्... खळ्...

कुणीतरी दोन्ही हातांनी जिवाच्या आकांतानं गेट हलवत होतं.

काकू गर्रकन वळल्या.

गेट उघडंच होतं. साखळी गवतात पडली होती. एक मुंगी चढत होती तिच्यावर.

आवाज बंद.

डोक्यावर बिंदगं होतं म्हणून त्या पळाल्या नाहीत. नाहीतर पळाल्या असत्या.

रानात पोचल्यावर त्यांनी काय केलं, तर आधी एका पानावर निवद काढला. भज्जी, उंडा, थोडी आंबील. पदराआड धरून लिंबाकडे गेल्या. भावाला आधी, मग जगाला.

लिंबाखाली काहीच नव्हतं.

ओटा नव्हता. ओटा जाऊ दे, मातीचा ढिगारासुद्धा नव्हता. झाडाच्या बुडापर्यंत ज्वारी उभी होती. छातीला लागेल एवढी, पोटरीत आलेली. नांगर सरळ वरून फिरवला होता.

काकू निवद घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ठेवायचा कुठं?

रामलिंग कळशी घेऊन चालला होता. त्यांनी त्याला अडवलं.

"रामलिंग, माझा भाऊ कुठाय?"

रामलिंगनं मान खाली घातली. "आण्णानंच सांगितलं वैनी. टॅक्टर वळंना म्हणले."

काकू तडक नवऱ्याकडे गेल्या. उमाशंकर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कोपीपुढं उभा होता. मोबाईलवाल्या पोरांना कुठून शूटिंग करायचं ते दाखवत होता. कोपीवर नवी कोरी शाल झळकत होती.

"वटा बांधतो म्हणला व्हता तुमी."

"बांधू की. मागून बांधू."

"नांगरून टाकलं तुमी त्याला?"

"हळू बोल," उमाशंकर हसत हसत म्हणाला, कारण समोर कॅमेरा होता. "साहेब यायलेत. आज रडगाणं नको."

काकू म्हणतात, त्या क्षणाला पहिल्यांदा त्यांना आपला नवरा अनोळखी वाटला. तोवर कधीच नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस.

साहेब आले. हार झाले, फोटो झाले. पंगत बसली. पानं वाढली गेली.

आणि मग काकूंच्या लक्षात आलं...

कुणी बोलत नव्हतं.

येळवशीला केवढा गलका असतो! पोरं झोके घेतात, गडी एकमेकांना आग्रह करकरून वाढतात, बाया उखाणे घेतात. इथं एवढी माणसं, आणि शब्द नाही. एकानंही घास उचलला नव्हता. ज्वारीच्या रानात एरवी पाखरांचे थवे असतात. त्या रानात एक चिमणी नव्हती.

एकच आवाज होता.

ज्वारीचा. सळसळ... सळसळ... पाती बाजूला सारत कुणीतरी सावकाश चालत यावं तसा.

काकूंनी ज्वारीकडे पाहिलं. वारा नव्हता. एकही धाट हलत नव्हतं.

आवाज मात्र चालूच होता. लिंबाकडून कोपीकडे.

"चला, चर शिंपून घिऊ," उमाशंकर मोठ्यानं म्हणाला. "मग साहेबांनी पहिला घास घ्यावा."

चर शिंपायचा म्हणजे घरधन्यानं आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचं आणि आरोळी द्यायची, "ओलगे ओलगे..." मागून चालणाऱ्यानं साथ द्यायची, "सालम पलगे." या शब्दांचा अर्थ कुणाला सांगता येत नाही. बापजादे म्हणत आले म्हणून आपण म्हणायचं.

दर साली उमाशंकरला साथ द्यायला गुरुलिंग असायचा. दाजी पुढं, मेव्हणा मागं. त्याला जरा दम्याचा त्रास. शेवटचा 'गे' तो लांब ओढायचा आणि मध्येच धाप लागून तोडायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा.

या साली मागं रामलिंग उभा राहिला.

उमाशंकरनं आंबील शिंपडली.

"ओलगे ओलगेऽऽ"

रामलिंगनं तोंड उघडलं...

"सालम पलगेऽऽ—"

लांब ओढलेलं. आणि मध्येच तुटलेलं.

आवाज मागून आला नव्हता. पुढून आला होता. लिंबाकडून.

रामलिंगचं तोंड तसंच उघडं राहिलं. "आण्णा," तो म्हणाला, "म्या न्हाय."

पाठच्या भावाचा आवाज ओळखायला बहिणीला काय लागतं?

उमाशंकर हसला. पण ओठांनीच. "कोण हाय रे तिकडं? मस्करी करता व्हय?" विरोधकांनी कुणाला तरी पिकात बसवलंय असं त्याला वाटलं असावं. तो दोन पावलं पुढं गेला आणि छाती फुगवून ओरडला.

"ओलगे ओलगेऽऽ"

"सालम पलगेऽऽ—"

आता जवळून. पिकाच्या पहिल्याच काकरीतून.

पंगतीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ऐकलं का त्यांनी? काही म्हणतात ऐकलं, काही म्हणतात नाही. इरम्मा म्हणून एक म्हातारी होती, तिनं कपाळाची विभूती चाचपली आणि डोळे मिटून घेतले.

तिसरी आरोळी उमाशंकरनं दिलीच नाही.

तरीही उत्तर आलं.

"सालम पलगेऽऽ—"

त्याच्या कानापाशी.

उमाशंकरच्या हातातलं भांडं खाली पडलं. आंबील मातीत जिरली. ज्वारीची सळसळ थांबली. आता काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आणि मग उमाशंकर बोलायला लागला.

"मिटिंगला गेलो व्हतो म्या."

कुणी काही विचारलं नव्हतं.

तो समोर बघत होता. समोर ज्वारी होती, बाकी काही नाही. त्यानं मान जरा तिरकी केली, जसं समोरचा हळू बोलतोय.

"धाराशिवला," तो म्हणाला.

थांबला. ऐकलं.

"न्हाय... तवा निघालो नव्हतो."

"काय झालं हो आण्णा?" साहेबांनी विचारलं. त्यानं वळूनही बघितलं नाही.

"व्हय. घरीच व्हतो. किल्ली खिशात व्हती."

मोबाईलवाली पोरं शूटिंग करतच होती. त्यांना थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"वाजला की. तिचा फोन वाजला. चार्जिंगला लावला व्हता. ती आत लिंगपूजेला बसली व्हती."

काकू एका हातानं कोपीला धरून उभ्या होत्या. कडब्याची पेंढी हातात चुरली जात होती.

"म्या उचलला."

पुन्हा ऐकलं.

"व्हय, म्हणलास तू. 'आक्का, किल्ली पाठव. लई आग व्हायलीय.' तसंच म्हणलास."

"म्या म्हणलं, पाठवतो. थांबा तिथंच."

"न्हाय पाठवली."

उमाशंकर आता घामानं निथळत होता. त्याला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. एकदा त्यानं स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं. बोटांच्या फटीतून शब्द बाहेर आलेच.

"मग तिच्या फोनातनं पुसून टाकला... रान पाह्यजे व्हतं मला. तू देईनास. तू देईनास, मग म्या काय करू?"

काकू सांगतात, तोवर त्या ऐकत होत्या, पण समजत नव्हतं. मग एकदम समजलं. नवऱ्यानं भावाला मारलं, हे तर समजलंच. पण त्याच्याही पुढचं समजलं. गुरुलिंगनं मरताना फोन केला तो दाजीला नाही, तिला. किल्ली मागितली ती तिच्याकडे. गेटापाशी बाजेवर पडून त्यानं वाट बघितली ती तिची. आणि तो गेला तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

आक्कानं पाठवली नाही.

आपल्या हातानं त्यांनी या माणसाला रोज वाढलं होतं. त्याच्यासाठी सख्ख्या भावजयीला खोटं पाडलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे.

तेवढ्यात उमाशंकरनं मान वर केली. "काय?" तो म्हणाला.

पुन्हा कान दिला.

मग पहिल्यांदाच त्यानं मान वळवून काकूंकडे बघितलं.

"न्हाय रे," तो ज्वारीला म्हणाला. "तिला म्हाईत नव्हतं."

पंगतीत पहिली इरम्मा उठली. तिनं भरलं पान तसंच खाली ठेवलं, हात जमिनीला पुसले.

"ह्ये अन्न माझ्या नरड्याखाली उतरायचं न्हाय," ती म्हणाली.

येळवशीला उपाशी उठायचं नसतं. उठलाच कुणी तर तो शाप असतो. इरम्मा उठली, तिच्या मागं तिची सून उठली, मग सगळी पंगत उठली. कुणी ओरडलं नाही, कुणी हात उगारला नाही. भरली पानं ठेवून माणसं चालायला लागली. साहेबांची गाडी सगळ्यात आधी गेली.

आता बघा. दमदाटी केली नसती, तर ही माणसं आपापल्या रानात असती. उमाशंकर बायकोसमोर बडबडला असता आणि बायकोला दटावून गप्प केलं असतं. त्यानं आपल्याच जोरावर आख्खं गाव साक्षीला आणून बसवलं होतं. शूटिंगसुद्धा त्याचंच.

त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. काकूंना ज्वारीचा आवाज ऐकायचा होता. उमाशंकरचं उत्तर ऐकून तो परत गेला का... की तिथंच थांबला. पण एवढी पावलं वाजत होती, काही कळलंच नाही.

उमाशंकरनं खाली बसून एक पान उचललं. काकूंपुढं धरलं.

"तू तरी जेव," तो म्हणाला.

काकू गेट ओलांडून निघून आल्या. परत त्या घरात गेल्या नाहीत.

दिवेलागणीला त्या माकणीला महेश्वरीच्या दारात उभ्या होत्या. व्हिडिओ त्यांच्या आधी पोचला होता. महेश्वरीनं पाणी आणून दिलं. आत या म्हणाली नाही.

"आक्का," ती म्हणाली, "त्ये शेवटपतोर गेटाकडंच बघायले व्हते. म्हणायले, आक्का यायलीच आसंल."

काकू पाणी प्यायल्या नाहीत. तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

पुढचं थोडक्यात. तिकीट गेलं. कालव्याच्या दारावर लोकांनी स्वतः जाऊन पाणी सोडलं, उमाशंकरच्या दारात कुणी विचारायला गेलं नाही. अविश्वास ठराव आला, त्याच्या बाजूनं रामलिंगनंसुद्धा हात वर केला नाही. पोलीस आले, जबाब झाले, केस अजून चालू आहे. व्हिडिओत उमाशंकरचा एकट्याचाच आवाज आहे. मी बघितलाय तो. मधल्या जागा रिकाम्या आहेत. अगदी समोरच्याला एक प्रश्न विचारायला लागेल, तेवढ्याच.

महेश्वरी परत रानात राहायला आली. गेट उपटून टाकलं, लिंबाखाली ओटा बांधला. म्हणजे सगळं निस्तरलं, असं गावाला वाटलं.

काकूंनाही वाटलं असतं.

पण गावाकडून कुणी आलं की एक गोष्ट कानावर यायची. उमाशंकर दिवसभर घरासमोर एकटाच बसतो. दुसरं काही बोलत नाही. एकच वाक्य. दिवसातून कितीदा तरी.

"न्हाय रे. तिला म्हाईत नव्हतं."

लोक हसायचे. डोकं फिरलं म्हणायचे.

काकू हसत नव्हत्या. उत्तर तेच तेच येतंय, म्हणजे प्रश्नही तोच तोच विचारला जातोय. म्हणजे विचारणाऱ्याला अजून पटलेलं नाही.

त्यांना झोप येईना. शेवटी गेल्या पाडव्यानंतर एक दिवस त्या एसटीनं गेल्या. दुपारची वेळ होती. उमाशंकर घरापुढं बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर मळका सदरा. ज्या दारात माणसांची रांग असायची, तिथं एक कुत्रंही नव्हतं.

काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं.

आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडला. ओझं उतरावं तसा.

"ही काय, आली," तो म्हणाला. "आता हिलाच इचार."

काकूंनी मागं वळून बघितलं नाही. तशाच चालत स्टँडवर आल्या.

त्या दिवसापासून उमाशंकर एक शब्द बोललेला नाही. आजतागायत नाही.

हे सगळं काकूंनी मला गेल्या आठवड्यात सांगितलं. सकाळची वेळ होती. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या, मी समोर बसले होते. रस्त्यावरून ट्रक जात होते. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

"मग काकू," मी विचारलं, "त्यानंतर परत काही...?"

काकूंचा हात सुपात थांबला. त्यांनी मान जरा तिरकी केली.

माझ्याकडे नाही. माझ्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं.

त्यांनी ऐकलं.

मग अगदी हळू, समजुतीच्या सुरात, लहान भावाशी बोलावं तशा त्या म्हणाल्या,

"न्हाय रे गुरू... मला खरंच म्हाईत नव्हतं."

त्यांनी पुन्हा कान दिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.